जोडशहराचे पाहुणे आणि दाराबाहेरचे बूट

पहिली वीट खिडकीतून आत आली तेव्हा माझ्या सासूबाई एका जर्मन बाईंना विचारत होत्या, "तिकडे घरांचे भाव काय आहेत हो?"

मी त्याचं इंग्रजी करायला तोंड उघडलं आणि काच फुटली. वीट चहाच्या टेबलावर आदळली आणि घरंगळत चिवड्याच्या पातेल्यात गेली. सासूबाईंच्या पांढऱ्या साडीवर काचेचा चुरा साखरेसारखा पसरला. तो झटकायला त्यांनी हात उचलला, तो मी वरच्या वर धरला. "हलू नका," म्हटलं. त्या दुपारी मी पुष्कळ लोकांना पुष्कळ सूचना दिल्या, त्यातली ही पहिली.

पण क्रमाने सांगते. हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची वेळापत्रकं लावणं हे माझं काम आहे. आधीचं आधी आणि नंतरचं नंतर आलं नाही तर मला चैन पडत नाही.

आमचं गाव इंग्लंडच्या मधोमध आहे. आहे शहरच, पण लंडनमध्ये हॅरोला राहणारी माझी बहीण त्याला गाव म्हणते, कारण इथे ताजी मेथी मिळत नाही. एकेकाळी इथे लोखंड ओतायचे मोठे कारखाने होते. आता त्या जागांवर वेअरहाउसेस आहेत. युद्धाच्या काळात ह्या कारखान्यांत बॉम्बची कवचं ओतली जात. ती विमानांत भरून जर्मनीवर टाकत. युद्ध संपल्यावर काही वर्षांनी इथल्या कौन्सिलने तिथल्या एका लहान शहराशी हात मिळवला आणि दोन्ही गावं जोडशहरं झाली. तेव्हापासून एका वर्षी त्यांनी यायचं, एका वर्षी आपण जायचं. हे येणं-जाणं बघणाऱ्या कमिटीची मी सेक्रेटरी आहे. सभेची मिनिट्स लिहायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

दुसरं काम म्हणजे आमची रविवारची वंदना. गावात आम्ही बौद्ध मराठी कुटुंबं आहोत, कोणी नागपूरची, कोणी मुंबई-पुण्याची. कम्युनिटी हॉलमध्ये जमतो, त्रिशरण-पंचशील होतं, मुलांचा वर्ग होतो, मग जेवण. त्या वर्षी पाहुणे नेमके रविवारी मोकळे होते. मी दोन्ही कार्यक्रम एकत्र केले. आधी वंदना, मग पाहुण्यांपैकी एक बाई त्यांच्या शहराविषयी बोलणार, मग वरण-भात. एक हॉल, एक भाडं.

हॉलची लॉबी अरुंद आहे. तिथे सामान ठेवलं की फायर इन्स्पेक्शनवाले ओरडतात. म्हणून बूट-चपला ठेवायची लाकडी रॅक आम्ही बाहेर पोर्चमध्ये ठेवतो. रस्त्यावरून ती पूर्ण दिसते. पाहुण्यांना मी सांगितलं होतं की तुम्ही नाही काढले तरी चालेल. पण त्यांनी सगळ्यांनी बूट काढले आणि ओळीत लावले. डोंगर चढायचे ते दणकट बूट रॅकमध्ये मावेनात, म्हणून पायऱ्यांवरही एक रांग झाली.

त्याच आठवड्यात देशात दोन-चार ठिकाणी दंगे झाले होते. मशिदींवर दगड, निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलांना आग. आमच्याकडे शांत होतं. सकाळी मी पोलिसांच्या नंबरवर फोन करून विचारून घेतलं. आमच्या भागात काही ऐकलेलं नाही म्हणाले. म्हणून कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला.

पाहुण्यांनी प्रत्येक घरासाठी भेट आणली होती, कापडी पिशवीत भरलेले स्क्रू. त्यांच्या शहरात स्क्रूचा कारखाना आहे. आमच्यातले एक काका, वयाने सगळ्यात मोठे आणि जिभेने सगळ्यात मोकळे, पिशवी उघडून म्हणाले, "एवढ्या लांबून आले आणि खिळे आणले? आमच्याकडे आहेर परत द्यायची पद्धत आहे, सांग त्यांना." मी त्याचं भाषांतर केलं नाही.

मग बाई उभ्या राहिल्या. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेल्या. त्यांनी वॉलपेपरच्या गुंडाळीच्या पाठीवर स्वतः नकाशा काढून आणला होता. त्या इंग्रजीत बोलत होत्या आणि मी म्हाताऱ्या मंडळींसाठी मराठीत सांगत होते.

"नदी इथे वळते," बाई म्हणाल्या, "म्हणून शहर इथे आहे." वळणाच्या आतल्या बाजूला टेकडी, टेकडीवर किल्ला, टेकडीखाली खाऱ्या पाण्याचा झरा. ते पाणी आटवून मीठ काढायचे. मिठाने पैसा आला आणि पैशाच्या मागे लुटारू आले. तीस वर्षं चाललेल्या त्या जुन्या युद्धात एका सैन्याने शहरात हिवाळा काढला. सैनिकांनी लोकांचं पेरणीसाठी ठेवलेलं धान्य खाल्लं, घरांच्या चौकटी शेकोटीत घातल्या, आणि जाताना विहिरींत प्रेतं टाकून गेले. नंतर मीठ स्वस्त झालं, रेल्वे आली, तारेचा आणि स्क्रूचा कारखाना आला. आधी ते स्क्रू खुर्च्यांना लागत, मग तोफांना लागायला लागले. शेवटच्या युद्धात पोलंड-युक्रेनमधून धरून आणलेली माणसं काटेरी तारांच्या आत तो कारखाना चालवत. मेली की मागच्या भिंतीपलीकडे पुरत. शहराने ह्याविषयी कितीतरी वर्षं तोंड उघडलं नाही.

"आणि मग एका दुपारी विमानं आली," बाई म्हणाल्या. जुनं शहर, पूल, शाळा, सगळं गेलं. शाळेत त्यांची मोठी बहीण होती. बाईंचा जन्म त्यानंतरचा. "माझं नाव तिचंच आहे," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "म्हणजे आपल्याच गावातला बॉम्ब?" मला विचारावंसं वाटत नव्हतं, पण बाईंनी माझा चेहरा वाचला असावा. "शक्य आहे," त्या म्हणाल्या.

काका म्हणाले, "मी नव्हतो हां तेव्हा. मी नंतर आलो." ह्याचं मात्र मी भाषांतर केलं. बाई मनापासून हसल्या.

मग त्यांनी पाटीची गोष्ट सांगितली. त्यांच्या आजोबांचं कुलपं-बिजागऱ्यांचं दुकान होतं. शेजारी एका ज्यू कुटुंबाचं कापडाचं दुकान. युद्धाच्या आधी एका रात्री ज्यूंची दुकानं फोडायला जमाव आला, तेव्हा आजोबांनी आपल्या काचेत पाटी लावली: हे ज्यूंचं दुकान नाही. पाटी खरी होती. आजोबांची एक काच फुटली नाही. शेजारच्या कापडवाल्याला मात्र जमावाने पाय धरून जिन्यावरून खाली ओढलं. प्रत्येक पायरीवर त्याचं डोकं आपटत होतं. आजोबांनी ते बंद दाराआडून ऐकलं आणि मरेपर्यंत ते प्रत्येक जिना कठडा घट्ट धरून उतरायचे. "ती पाटी आता आमच्या म्युझियममध्ये आहे," बाई म्हणाल्या. "मीच दिली."

माझे मिस्टर तेव्हा किचनच्या खिडकीशी कप विसळत होते. ते थांबले. मला कळलं, कारण नळ वाहत राहिला आणि मला वाहता नळ सहन होत नाही.

बाई पुढे आजच्या धंद्यावर आल्या. कारखाना अर्धा उरला आहे. तरुण मुलं मोठ्या शहरांत जातात. प्राथमिक शाळा बंद पडणार होती, ती सीरियातून आलेल्या कुटुंबांच्या मुलांमुळे वाचली. इथे सासूबाईंनी घरांचे भाव विचारले आणि वीट आली.

नंतर समजलं ते असं. कोणीतरी रस्त्यावरून जाताना पोर्चचा फोटो काढला होता. एवढे बूट दाराबाहेर, म्हणजे इथे मशीद उघडली. फोटो फोनांवरून फिरला. कोणीतरी त्यात भर घातली की आत निर्वासित ठेवलेत. ते डोंगरी बूट पाहून हे कसं सुचलं, मला अजून कळलेलं नाही.

दुसरी वीट आली, तिसरी आली. मी सगळ्यांना रस्त्याच्या बाजूने उठवून मागच्या किचनमध्ये घातलं. आधी मुलं, मग म्हातारी माणसं, मग पाहुणे. पोलिसांना फोन लावला. गाड्या निघाल्यात, पण शहरात आणखी एके ठिकाणी गडबड आहे, फोन चालू ठेवा, असं सांगण्यात आलं. किचनचं मागचं दार अंगणात उघडतं आणि अंगणाचं फाटक फिरून पुढेच येतं. म्हणजे बाहेर पडायचं तर रस्त्यावरच्या जमावासमोरूनच.

मग खिडकीतून बूट यायला लागले. आमचेच. एक जड जर्मन बूट अजून किचनच्या दाराशीच असलेल्या आमच्या एका काकूंच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यांत उतरलं आणि त्या "मला दिसत नाही, मला दिसत नाही," म्हणत खाली बसल्या. माझ्या मुलीने स्वतःची ओढणी त्यांच्या कपाळावर दाबून धरली. तेवढ्यात रबर जळाल्याचा वास आला. बाहेरच्यांनी रॅक पेटवून पुढच्या दाराला टेकवली होती. दाराच्या फटीतून काळा धूर आत सरकत होता.

"रॅक ओढून काढायला पाहिजे," मिस्टर म्हणाले. आणि मोठा टॉवेल नळाखाली भिजवायला लागले.

"जाताय तर सांगून टाका," काका म्हणाले. "मशीद नाही म्हणावं. मुसलमान नाही, बुद्धिस्ट आहोत. बुद्ध आवडतो त्यांना. गार्डनमध्ये ठेवतात."

"सांगा हो," मी म्हटलं. "दोन वाक्यांचं काम आहे."

मुलगी तिथूनच ओरडली. ती इथेच जन्मलेली, मराठी तिचं तिचं आहे. "बाबा, असा बोलायचं नाही! मशीद असला तर काय? मग ओके आहे का मारायचा?"

"आधी जीव वाचू दे, मग भांडा," सासूबाई म्हणाल्या. जाणारा त्यांचा एकुलता मुलगा होता.

मिस्टरांनी ओला टॉवेल हातांना गुंडाळला आणि पांढऱ्या मोज्यांवर मागच्या दाराने बाहेर गेले. मी फोन कानाला धरून फुटक्या खिडकीच्या कडेला उभी राहिले.

त्यांनी जळती रॅक ओढून हिरवळीवर पाडली. मग वळून दाराला पाठ लावून उभे राहिले. समोर रस्ता भरून माणसं होती. काहींनी तोंडं झाकलेली, बरेच जण फोनवर शूट करत होते. पलीकडच्या फुटपाथवर माझ्या योगा क्लासमधली एक बाई बाबागाडीत बाळ घेऊन उभी होती. मी तिला ओळखलं. तिनेही मला ओळखलं. ती बाबागाडी पुढेमागे हलवत राहिली.

एकाच्या हातात कुंपणाचा उपटलेला खांब होता. तो पायऱ्यांपर्यंत आला. "मशीद आहे ना ही? बोल! कोण आहात तुम्ही लोक?"

मिस्टर म्हणाले, "आत म्हातारी माणसं आहेत. घरी जा."

"मी विचारतोय, कोण आहात तुम्ही?"

"आत मुलं आहेत. घरी जा."

मी वाट बघत होते की आता सांगतील. त्यांना पुन्हा विचारलं गेलं. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. मग खांब त्यांच्या डाव्या कानावर बसला.

ते गुडघ्यांवर आले. कोणीतरी हसलं. दुसऱ्याने धावत येऊन जबड्यावर लाथ मारली. त्याचा आवाज मला खिडकीत ऐकू आला, कोरडं लाकूड मोडावं तसा. तिसऱ्याने पोटात मारली, चौथ्याने पाठीत. मी खिडकीतून ओरडले. सगळा घसा लावून इंग्रजीत ओरडले, "ही मशीद नाही! आम्ही बौद्ध आहोत!" अनेकदा ओरडले. खांबवाल्याने वर पाहिलं. त्याला नीट ऐकू गेलं होतं. त्याने खांब पुन्हा उचलला आणि मिस्टरांच्या बरगड्यांवर मारला.

विचारणं हा त्याच्यासाठी फक्त मारण्याच्या आधीचा भाग होता. मला ते तेव्हा कळलं.

माझ्यामागून कोणीतरी दार उघडलं. माझी मुलगी, दोन जर्मन पाहुणे आणि भूगोलाच्या बाई. सगळे अनवाणी. मुलीने आणि त्या दोघांनी मिस्टरांना काखेत आणि कमरेत धरून ओढायला सुरुवात केली. पोर्चला दोन दगडी पायऱ्या आहेत. बाई पायऱ्यांवरच बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात मिस्टरांच्या डोक्याखाली घातले. डोकं पायरीवर आलं की मध्ये बाईंचा हात. एक दगड त्यांच्या खांद्यावर बसला, त्यांनी हात काढला नाही. वरच्या पायरीच्या कडेला त्यांची बोटं मिस्टरांच्या डोक्याच्या वजनाखाली चिरडली. त्या जर्मनमध्ये काहीतरी मोठ्याने ओरडल्या, पण हात तिथेच ठेवला.

आम्ही दार लावलं आणि कपाटं सरकवून दाराला टेकवली. मिस्टरांच्या कानातून रक्त येत होतं आणि तोंड एका बाजूला सरकलं होतं. सासूबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि "डोळे उघड रे, डोळे उघड," एवढंच म्हणत राहिल्या. सायरन ऐकू यायला लागले तेव्हा बाहेरची गर्दी पळाली. पळतानाही दगड मारत गेली.

मिस्टरांचं ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात झालं. लिस्ट मीच लावते, पण त्या संध्याकाळी माझ्या सहकारी बाईने मला स्क्रीनजवळ फिरकू दिलं नाही. जबडा दोन ठिकाणी मोडला होता. तो पट्ट्या आणि बारीक स्क्रू लावून जोडला. डाव्या कानाने त्यांना आता ऐकू येत नाही. बाईंची दोन बोटं मोडली होती. त्यांच्या हाताला प्लास्टर घालत होते तेव्हा मी तिथे बसले होते. त्या म्हणाल्या, "जिना छोटा होता, बरं झालं." मी त्यांच्यासाठी मशीनमधला चहा आणला.

पाहुण्यांचे बूट जळाले होते. मी घरोघर फोन करून मापं जुळवली आणि परतीच्या दिवशी सगळे आमच्या चपला, सँडल, ट्रेनर्स घालून विमानतळावर गेले. बाईंच्या पायात सासूबाईंच्या कोल्हापुरी होत्या. काका निरोप द्यायला आले. "जय भीम" म्हणाले आणि मग मला म्हणाले, "सांग त्यांना, आहेर परत झाला."

हॉलच्या ट्रस्टींनी मीटिंग घेतली. लोक चांगले आहेत, घाबरलेले होते. त्यांचं म्हणणं, बूट आत ठेवा, नाहीतर दारावर स्पष्ट पाटी लावा की इथे बौद्ध मंडळ जमतं. आत जागाच नाही. मला पाटी पटली. मी ती छापून आणली. पांढऱ्यावर निळी अक्षरं, लांबून वाचता येतील अशी.

मिस्टर तोवर दातांना लावलेल्या रबरांतून थोडं थोडं बोलायला लागले होते. पाटी पाहून म्हणाले, "नको."

"का नको?"

त्यांना एकेक शब्द सुटा करून बोलावं लागत होतं. "माझे आजोबा गावात कोणाच्याही दारात गेले की पहिला प्रश्न, 'कोणापैकी?' आयुष्यभर उत्तर दिलं. मग ठरायचं, पाणी वरून ओतायचं की नाही. वडिलांना भाड्याच्या खोलीसाठी विचारलं, 'कोणापैकी?' मी नाही सांगणार."

"त्यात तुमचा जबडा गेला," मी म्हटलं. "कान गेला. तुम्ही मेला असतात. मी काय करायचं होतं?"

"तू तर सांगितलंस की. ओरडून. ऐकलं त्यांनी?"

"ऐकलं नाही म्हणून सांगायचंच नाही? पुढच्या वेळी एखादा ऐकेल. मी पुन्हा ओरडेन." आणि ते मी मनापासून बोलले. आजही मागे घेणार नाही.

"आणि ज्या दिवशी खरंच मशिदीवर येतील," ते म्हणाले, "तेव्हा त्यांच्या दारावर काय लावशील?"

सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. त्या माझ्या बाजूने बोलल्या. "पाटी लावा. मला मुलगा हवाय." मिस्टर उठून आत गेले.

वंदना पुन्हा सुरू व्हायच्या रविवारी मी लवकर हॉलवर गेले. बरोबर ड्रिल, नवी स्टीलची रॅक, पाटी आणि भिंतीत बसवायला बाईंनी दिलेले स्क्रू. मिस्टर न सांगता गाडीत येऊन बसले होते. पोर्चच्या भिंतीवर अजून काजळी होती. त्यांनी सरळ-तिरकं बघायची लेव्हल धरली, मी भोकं पाडली. रॅक होती तिथेच बाहेर बसवली, फक्त आता भिंतीला पक्की, कोणाला उचलता येणार नाही अशी. स्क्रू उत्तम होते. एकही वाकला नाही.

मग मी पाटी उचलली. दारावर धरून पाहिली. सरळ होती. मिस्टर लेव्हल हातात घेऊन बाजूला उभे होते. त्यांनी ती पुढे केली नाही आणि मला अडवलंही नाही. वरच्या पायरीच्या कडेला एक तांबूस डाग राहिला होता, धुऊन निघाला नव्हता. मी तो ओलांडून गाडीकडे गेले आणि पाटी डिकीत ठेवली.

थोड्या वेळाने मुलगी सासूबाईंना घेऊन आली. त्यांनी दार खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पाटी कुठाय?"

"स्क्रू संपले," मी म्हटलं.

पिशवीत अजून मूठभर उरले होते. ती माझ्या कोटाच्या खिशात होती आणि मी वळले तशी खुळखुळली. सासूबाईंनी ते ऐकलं. मग मुलाकडे पाहिलं. मग भिंतीला हात टेकून त्यांनी एक चप्पल काढली, दुसरी काढली, आणि दोन्ही रॅकच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवल्या.